परदेशातल्या महिला डॉक्टर संघटनांशी जोडून घेताना: गोव्यातल्या डॉक्टरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

बहुतेक जणी सुरुवात शेवटून करतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी परदेशी संघटनेची लिंक टाकते, ओपीडी आटोपल्यावर रात्री घाईघाईत अर्ज भरला जातो, कार्डावरून फी कापली जाते, आणि वर्ष सरताना लक्षात येतं की अधूनमधून येणाऱ्या ईमेलपलीकडे हाती काही लागलेलं नाही. काही जणींचं याच्या उलट होतं. साध्या सभासदत्वासाठी पदवीवर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का मारून घ्यायला धावतात आणि तेवढ्यात दमून अर्ज करायचाच सोडून देतात. दोन्हीकडे चूक क्रमाची आहे.

पुढचा क्रम बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीपासून काणकोणात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरपर्यंत कुणालाही लागू पडेल. सरकारी नोकरीतल्यांसाठी जिथे वेगळे नियम आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा

‘नेटवर्किंग करायचंय’ हे उत्तर नव्हे. ‘लॅप्रोस्कोपीत माझ्यापेक्षा दहा वर्षं पुढे असलेली, नियमित बोलू शकेल अशी सर्जन हवी’ हे उत्तर आहे. ‘किशोरवयीन मुलींमधल्या रक्तक्षयावर आमच्या आरोग्य केंद्रात काम चालू आहे, तसंच काम करणारा दुसऱ्या देशातला गट हवा’ हेही उत्तर आहे. हे वाक्य जमलं नाही, तर कोणती संघटना निवडायची हे पुढे ठरवताच येणार नाही.

सावधान: कोणत्याही संघटनेचं सभासदत्व म्हणजे परदेशात रुग्ण तपासण्याचा परवाना नव्हे. लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर ते पदवीसारखं लिहू नका. संघटनेचं सभासदत्व, परीक्षा देऊन मिळवलेली फेलोशिप आणि पैसे भरून घेतलेली ‘फेलोशिप’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाणकार वाचणाऱ्याला त्या लगेच कळतात.

## टप्पा २: नाव आणि नोंदणी एका रेषेत आणा

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते इथे, आणि गोव्यात जरा जास्तच. कारण आपल्याकडे आडनावांची स्पेलिंग दोन काळांतून आलेली आहेत. देसाईला एक एस की दोन, नाईकच्या शेवटी के की क्यू-यू-ई, शिरोडकरची सुरुवात एसने की एक्सने, हे जन्मदाखल्यावर एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं असू शकतं. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं, काही घरांत पहिलं नावही बदललेलं. पदवी माहेरच्या नावाची, कौन्सिलची नोंदणी त्याच नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि शोधनिबंधावर दोन्ही आडनावं. परदेशातल्या कारकुनाला या चार वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

क्रम असा ठेवा:

१. पदवी, गोवा मेडिकल कौन्सिलचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधार आणि छापून आलेले लेख शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर कागदावर उतरवा.

२. व्यावसायिक नाव एकच निवडा. शक्यतो कौन्सिलच्या नोंदणीवर आहे तेच. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, त्यामुळे अजून बदललं नसेल तर नोंदणीवरचं नाव तसंच चालू ठेवणं सर्वांत सोपं.

३. बदलायचंच असेल, तर आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडचं काम पूर्ण करा. लग्नामुळे बदललेल्या नावाला विवाहाचा दाखला पुरावा म्हणून चालतो. स्पेलिंग किंवा नाव मुळातूनच बदलायचं असेल तर १९९० च्या गोव्याच्या नाव व आडनाव बदल कायद्याचा मार्ग आहे. त्यानंतर कौन्सिल, आणि मग पासपोर्ट. आधी पासपोर्ट बदलून मोकळ्या झालेल्यांना पुढे प्रत्येक अर्जाला विवाहाचा दाखला जोडत बसावं लागतं.

४. ओआरसीआयडी क्रमांक काढा. संशोधन लिहिणाऱ्याची ओळख पटवणारा हा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो आणि त्यात ‘या नावांनीही ओळखतात’ असा रकाना असतो. माहेरच्या नावाने छापलेले लेख त्यामुळे हरवत नाहीत.

मग नोंदणी पाहा. एमबीबीएसची नोंदणी असते, पण एमडी, एमएस किंवा डिप्लोमाची ‘अतिरिक्त पात्रता’ म्हणून नोंद करायची राहून गेलेली असते. बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला शिकून आलेल्या काहींची नोंदणी अजून कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या कौन्सिलकडेच असते. ती ना हरकत घेऊन गोव्यात आणायला हवी. नूतनीकरणाची तारीख आणि सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचे, क्रेडिटही याच वेळी तपासा.

तपासणी: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव शोधा. तिथे जे दिसेल तेच परदेशातला माणूस पाहणार आहे. नाव, पदवी किंवा वर्ष चुकलेलं असेल तर तो दुरुस्तीचा अर्ज आज करा, बाकी सगळं नंतर.

सावधान: ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या नोंदणीवर ठपका नाही असा कौन्सिलचा दाखला, आत्ताच काढून ठेवू नका. साध्या सभासदत्वाला ते सहसा लागत नाही. परवान्याच्या अर्जाला लागतं, पण तिथे ताजंच चालतं. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. अपॉस्टिलचंही तसंच. कुणी लेखी मागितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा ३: संस्थेचा प्रकार ओळखा

जगात डॉक्टरांच्या संस्था ढोबळमानाने तीन प्रकारे बांधलेल्या असतात. प्रकार न ओळखता केलेला अर्ज परत येतो किंवा त्याला उत्तरच येत नाही.

पहिला प्रकार: राष्ट्रीय संस्थांचा महासंघ. इथे सभासद असतो देश, व्यक्ती नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांची ‘फिगो’ ही अशी संस्था. तुम्ही फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भारतीय महासंघाशी संलग्न असलेल्या स्थानिक संस्थेत असाल, तर फॉग्सीमार्फत त्या वर्तुळात आधीच आहात. तिथे ‘मला सभासद करून घ्या’ असं पत्र पाठवण्याला अर्थ नाही. भूलतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या जागतिक संस्थांची रचनाही अशीच आहे.

महिला डॉक्टरांची सर्वांत जुनी जागतिक संघटना, १९१९ साली स्थापन झालेली ‘मेडिकल विमेन्स इंटरनॅशनल असोसिएशन’, मुख्यतः याच प्रकारात मोडते. तिने जगाचे आठ विभाग पाडले आहेत, भारत मध्य आशिया विभागात येतो आणि प्रत्येक विभागाला एक उपाध्यक्ष असते. दर तीन वर्षांनी जागतिक अधिवेशन भरतं. भारतातून तिच्याशी संलग्न असलेली संस्था म्हणजे १९०७ पासूनची ‘असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया’. म्हणजे गोव्यातल्या डॉक्टरची वाट या भारतीय संस्थेतून जाते. थेट वैयक्तिक सभासदत्व हे जिथे राष्ट्रीय संस्था नाही अशा देशांतल्या डॉक्टरांसाठी आहे. गोव्यातून येणाऱ्या चौकशीत सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच.

दुसरा प्रकार: थेट वैयक्तिक सभासदत्व. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘असोसिएशन ऑफ विमेन सर्जन्स’ इतर देशांतल्या सर्जनना आणि विद्यार्थिनींनाही घेते. हृदयरोग, नेत्ररोग, क्ष-किरण अशा बहुतेक शाखांत एकतर महिलांची स्वतंत्र संस्था असते किंवा मोठ्या संस्थेत महिलांचा विभाग. विभाग असेल तर आधी मूळ संस्थेचं सभासदत्व लागतं.

तिसरा प्रकार: चळवळ आणि शाखा. २०१५ मध्ये सुरू झालेली ‘विमेन इन ग्लोबल हेल्थ’ देशोदेशीच्या शाखांच्या रूपाने वाढली. अशा ठिकाणी डॉक्टरच असण्याची अट नसते. परिचारिका, संशोधक, धोरणावर काम करणाऱ्या स्त्रियाही असतात. क्लिनिकल मार्गदर्शन हवं असेल तर इथे फारसं मिळणार नाही. सार्वजनिक आरोग्यात काम असेल तर मात्र हीच जागा.

विद्यार्थिनींसाठी एक वेगळी वाट आहे. मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही आयएफएमएसए या जागतिक विद्यार्थी महासंघाची सभासद आहे. इंटर्नशिप संपण्याआधी ती वापरून घ्या.

आयुष शाखांच्या डॉक्टरांनी पात्रता आधी ईमेलने विचारावी. काही संस्था ‘फिजिशियन’ची व्याख्या फक्त आधुनिक वैद्यकापुरती ठेवतात, आणि भरलेली फी परत मिळेलच असं नाही.

तपासणी: टप्पा १ मधलं वाक्य समोर ठेवा आणि एकच संस्था निवडा. फार तर दोन. पाच संघटनांची सभासद असणारी डॉक्टर एकाही ठिकाणी ओळखीची नसते.

## टप्पा ४: गोव्यातली पायरी आधी

हे वाचून कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका. इंडियन मेडिकल असोसिएशनची गोवा शाखा, तिच्यातला महिला डॉक्टरांचा विभाग किंवा आपल्या शाखेची राज्य संस्था यांपैकी एका ठिकाणी प्रत्यक्ष काम केलेलं असू द्या. कार्यक्रमाला हजेरी लावून जेवून येणं म्हणजे काम नव्हे. शिबिराची जबाबदारी घ्या, सीएमईचं एक सत्र आखा, वर्षभराचा अहवाल लिहा.

याची दोन कारणं आहेत. राष्ट्रीय संस्थेत जाताना कुणातरी सभासदाची शिफारस लागते, आणि ती इथूनच मिळते. दुसरं, परदेशातली व्यक्ती विचारते, ‘तुमच्याकडे तुम्ही काय चालवता?’ तेव्हा सांगण्यासारखं काही हवं.

गोवा लहान असल्याचा इथे फायदाच होतो. कांपालला आरोग्य संचालनालयात, बांबोळीला, म्हापशात आझिलो इस्पितळात किंवा मडगावात ज्यांच्याशी बोलायचं आहे त्या सगळ्या एका दिवसाच्या अंतरावर आहेत. मुंबईच्या डॉक्टरला ही सोय नाही. याच लहानपणाची दुसरी बाजू टप्पा ८ मध्ये येईल.

## टप्पा ५: परिचय आणि सीव्ही परदेशी डोळ्यांनी तपासा

आपला बायोडेटा आणि त्यांचा सीव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बायोडेटातून हे काढून टाका: वडिलांचं किंवा पतीचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, जात, घरचा पत्ता, आधार क्रमांक. जन्मतारीखही लागत नाही.

आता जे घालायचं ते.

संक्षेप फोडा. गोव्यात ‘जीएमसी’ म्हटलं की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. कौन्सिललाही कधी कधी आपण तेच म्हणतो. ब्रिटनमधल्या वाचणारीसाठी मात्र जीएमसी म्हणजे तिकडचं जनरल मेडिकल कौन्सिल. सीव्हीत ‘जीएमसी रजिस्टर्ड’ असं लिहिलंत, तर तिकडे तो ब्रिटिश परवान्याचा खोटा दावा ठरतो. पूर्ण नाव लिहा, राज्य लिहा, देश लिहा.

हुद्द्याऐवजी काम सांगा. ‘हेल्थ ऑफिसर’ म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रमुख डॉक्टर, हे गोव्याबाहेर मुंबईतही कुणाला ठाऊक नसतं. ‘रुरल मेडिकल डिस्पेन्सरी’चंही तसंच. केंद्राखाली किती लोकसंख्या, किती कर्मचारी, कोणते कार्यक्रम, हे एका ओळीत द्या. ‘सिनियर रेसिडेंट’ म्हणजे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचं पद, हेही सांगावं लागतं, नाहीतर तुम्ही अजून शिकताय असा समज होतो.

डिप्लोमा समजावून द्या. डीजीओ, डीसीएच किंवा मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा डिप्लोमा, हे किती वर्षांचं शिक्षण आणि कशानंतरचं, ते लिहा.

खंड लपवू नका. बाळंतपण, मुलांचं लहानपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण यांसाठी घेतलेल्या वर्षांना तारखांसह एक ओळ द्या आणि पुढे चला. महिला डॉक्टरांच्या संघटनांत या ओळीकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. तारखांची हातचलाखी केलेली मात्र पटकन दिसते.

सीव्ही दोन पानांत बसवा. शिवाय सहा-सात वाक्यांचा वेगळा परिचय लिहून ठेवा, तो सगळीकडे मागतात.

## टप्पा ६: अर्ज आणि फी

हा टप्पा छोटा आहे, कारण आधीचं नीट झालं असेल तर इथे अर्ध्या तासाचं काम उरतं.

फी भरण्याआधी फीच्या श्रेणी वाचा. बऱ्याच आंतरराष्ट्रीय संस्था जागतिक बँकेच्या वर्गवारीनुसार कमी उत्पन्नाच्या आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना सवलत देतात, आणि भारत निम्न-मध्यम गटात आहे. सवलतीचा पर्याय अर्जाच्या तळाशी असतो. घाईत पूर्ण फी भरून टाकणाऱ्या पुष्कळ.

आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा ठरवा, फी भरा आणि पुन्हा बंद करा. परकी चलनावर बँक जादा आकार लावते, तो हिशेबात धरा. पावती जपून ठेवा, सनदी लेखापालाला लागेल. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. भारतीय कार्डांवर ते बरेचदा फसतं आणि सभासदत्व गुपचूप संपतं.

सावधान: ‘वर्षातील सर्वोत्तम महिला डॉक्टर म्हणून आपली निवड झाली आहे, सोहळ्याची नोंदणी फी भरा’ अशी पत्रं सर्रास येतात. निवडीसाठी तुम्ही अर्जच केला नसेल आणि पैसे मात्र तुम्हीच द्यायचे असतील, तर तो पुरस्कार विकायला काढलेला आहे. परिषदा आणि नियतकालिकांचंही तेच. संपादक मंडळातल्या दोन-तीन जणींना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर थेट लिहून विचारा. अनेकदा आपलं नाव तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

## टप्पा ७: पहिलं पत्र

सभासदत्व मिळालं म्हणजे दार उघडलं, आत अजून कुणी ओळखत नाही. ओळख पत्राने होते, आणि पहिलं पत्रच बहुतेकींचं बिघडतं. बिघडलेलं पत्र साधारण असं असतं:

*‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, मी गोव्यातली डॉक्टर असून मला आपल्या देशात काम करण्याची तीव्र इच्छा आहे. सोबत माझा सीव्ही जोडला आहे. कृपया संधी द्यावी. प्लीज डू द नीडफुल.’*

महिलांच्या संघटनेला ‘सर’ म्हणून झालं, जिला लिहिलं तिचं नाव नाही, तिचं काम वाचल्याची खूण नाही, आणि मागणी एवढी मोठी की उत्तर देणं शक्यच नाही. असं पत्र एकाच वेळी वीस जणींना ‘सीसी’त गेलेलंही असतं.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण आराखडा असा ठेवा:

१. तिचं नाव, बरोबर स्पेलिंगसह. डॉक्टर की प्रोफेसर ते तिच्या संस्थेच्या पानावर पाहून.

२. तिच्या कोणत्या कामामुळे तुम्ही लिहिताय, एक वाक्य. लेख असेल तर त्यातला नेमका मुद्दा.

३. तुमचं त्याच्याशी जुळणारं काम, दोन वाक्यं. ‘आमच्या तालुक्यात प्रसूतीनंतरच्या तपासणीला येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढवण्यासाठी आम्ही घरभेटींचं वेळापत्रक बदललं’ असं ठोस.

४. एकच प्रश्न, जो ती दहा मिनिटांत सोडवू शकेल. ‘तुमची प्रश्नावली आमच्याकडे वापरायची तर परवानगी कुणाकडे मागू?’ हे चालतं. ‘मला मार्गदर्शन करा’ हे चालत नाही, कारण त्याचं उत्तर काय द्यायचं ते तिला कळत नाही.

५. सही: पूर्ण नाव, काम, गाव, राज्य, देश. भगवद्गीतेचा श्लोक आणि फुलाचं चित्र नको.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको. आणि उत्तर आलं तर त्याच आठवड्यात आभार कळवा, तिने सुचवलेलं करून पाहिल्यावर काय झालं तेही कळवा. हा शेवटचा ईमेल फार थोड्या जणी पाठवतात. पण संबंध टिकतो तो त्यानेच.

ऑनलाइन बैठकांची वेळ हा वेगळा घोळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, युरोपची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले काही आठवडे सगळेच हिशेब चुकतात. न्यूयॉर्कची मंगळवारी संध्याकाळी सातची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेचारला येते. फक्त वेळ लिहून ठेवणाऱ्या इथे फसतात, वारही लिहा. पहाटेच्या बैठका झेपणार नसतील तर युरोप किंवा आग्नेय आशियातल्या समितीत नाव द्या, आणि चवथीच्या आठवड्यात काहीही कबूल करू नका. त्या दिवसांत तुम्ही लॅपटॉप उघडणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

## टप्पा ८: केस, फोटो आणि संशोधन पाठवण्यापूर्वी

या टप्प्यावरची चूक नुसती लाजिरवाणी नसते, ती कायद्याची असते.

ओळख. नाव काढलं की रुग्ण अनामिक झाली असं मोठ्या शहरात कदाचित म्हणता येईल. गोव्यात गाव, वाडा, वय आणि आजार सांगितला की घर कळतं. परदेशातल्या ग्रुपमध्येही गोंयकार असतो, लिस्बनपासून लंडनच्या उपनगरांपर्यंत. म्हणून गाव लिहू नका, ‘किनारपट्टीचा ग्रामीण भाग’ पुरे. वय नेमकं न देता ‘तिशीतली’ म्हणा. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख आणि ठिकाण काढा, रिपोर्टवरचा नोंदणी क्रमांक कापा. रुग्णाची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत, कोकणीत किंवा मराठीत घ्या, आणि ‘ही माहिती देशाबाहेर जाणार आहे’ हे त्यात स्पष्ट असू द्या.

सोनोग्राफी. गर्भाचं लिंग कुणालाही, कोणत्याही मार्गाने कळवायला १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंदी आहे. परदेशातल्या डॉक्टरला त्यात काही वावगं वाटत नाही, ती चर्चेत सहज बोलून जाते. म्हणून प्रतिमा पाठवण्याआधीच असा भाग काढून टाका, आणि भारतीय कायद्याबद्दल पहिल्या ओळीतच सांगा.

अत्याचाराच्या केसेस. महिलांवरील हिंसा हा या संघटनांच्या कामाचा मोठा विषय आहे, त्यामुळे अशा केसेस मांडण्याची विनंती हमखास येते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोही लागतो. एकेकटी केस मांडू नका, सेवा कशी चालते त्यावर बोला.

संशोधन. माहिती गोळा करण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता हवी. शिबिरात प्रश्नावली भरून घ्यायची आणि परिषदेसाठी पाठवलेला सारांश स्वीकारला गेल्यावर मान्यतेसाठी धावायचं, हा प्रकार नेहमीचा आहे, पण मागच्या तारखेची मान्यता मिळत नाही. खासगी प्रॅक्टिसमधल्यांनी नोंदणीकृत समिती असलेल्या संस्थेतल्या सहकाऱ्याला आधीच सोबत घ्यावं. आणि परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही लागते. ‘तुमचा डेटा पाठवा, आपण एकत्र लिहू’ या गोड ईमेलला होकार देण्याआधी हे आठवा.

तपासणी: पाठवण्याचं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा, या रुग्णाच्या नणंदेने हे वाचलं तर तिला कळेल का? उत्तर ‘कदाचित’ असेल तरी पाठवू नका.

## टप्पा ९: परिषद, पैसा आणि परवानगी

सारांश स्वीकारला गेला की सगळ्यांना आधी तिकीट आठवतं. तिकीट शेवटी काढा. आधी हे:

१. रजा आणि ना हरकत. सरकारी डॉक्टरांनी परदेशी जाण्यासाठी खात्याची परवानगी आधी मागावी. फाइल किती टेबलांवरून फिरते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२. परदेशी आतिथ्य. आयोजक विमानाचा किंवा राहण्याचा खर्च देणार असतील आणि तुम्ही सरकारी सेवेत किंवा सरकारी मालकीच्या संस्थेत असाल, तर एफसीआरए, २०१० या परदेशी पैसा आणि आतिथ्यावरच्या कायद्याच्या कलम ६ खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ नमुन्यात ऑनलाइन, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. दोन आठवडे ही शेवटची मर्यादा आहे, तेवढ्यावर थांबू नका. खात्याची ना हरकत मिळाली म्हणजे हे झालं, असा समज सर्रास आढळतो. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

३. औषध कंपनीचा खर्च नको. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतलं ६.८ कलम औषध कंपन्यांकडून प्रवास आणि आतिथ्य घ्यायला मनाई करतं. हे सरकारी-खासगी सगळ्यांना लागू आहे. आयोजकांची प्रवास शिष्यवृत्ती मागा. ती बहुधा सारांशासोबतच मागायची असते, निवड झाल्यावर नव्हे.

४. प्रकल्पाचा पैसा. परदेशी संघटनेने तुमच्या शिबिरासाठी देणगी देऊ केली, तर ती स्वतःच्या किंवा स्थानिक मंडळाच्या खात्यावर घेऊ नका. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्था लागते.

५. व्हिसा. निमंत्रणपत्र मागवा, त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना ते पाहा. टप्पा २ नीट केला असेल तर इथे अडणार नाही.

परिषदेत सगळी सत्रं ऐकण्याच्या नादी लागू नका. जाण्यापूर्वी चार-पाच जणींना लिहून चहाची वेळ ठरवा. प्रादेशिक बैठक कधी आहे ते पाहून तिला जा. समित्यांसाठी माणसं तिथेच शोधली जातात, आणि मोठ्या सभागृहापेक्षा त्या छोट्या खोलीत तुमचं नाव लक्षात राहतं.

## टप्पा १०: दुसऱ्या वर्षी

नूतनीकरणाच्या महिनाभर आधी टप्पा १ मधलं वाक्य पुन्हा काढा. त्या विषयावर ज्यांच्याशी एकाहून अधिक वेळा बोलणं झालं अशा किती जणी आहेत? एकही नसेल तर आधी स्वतःचा हिशेब पाहा: समितीत नाव दिलं होतं का, आठवणीचं पत्र गेलं होतं का, आभाराचं गेलं होतं का. हे सगळं करूनही काही हललं नसेल, तर फी भरू नका आणि दुसरी संस्था निवडा.

समितीचं काम मिळालं असेल तर मुदत लिहून घ्या आणि झेपत नसेल तेव्हा वेळेवर कळवा. काम अर्धवट टाकून गप्प बसणारीचं नाव पुढच्या निवडीत येत नाही, आणि तिच्यानंतर गोव्यातून अर्ज करणारीलाही त्याचा त्रास होतो.

आणि तुमच्याकडे एखादी ज्युनियर शिफारस मागायला आली, तर तिचं काम पाहिल्याशिवाय सही करू नका. काम पाहिलं असेल तर दोन ओळींत उरकू नका, तिने नेमकं काय केलं ते लिहा.